हळदीचं पोतं आणि चोवीस फ्रेम

“चेंडू कसला आहे?” दादानं फोनवर विचारलं.

“लाल,” मी म्हणाले.

पलीकडं जरा वेळ काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, “रंग नाही गं विचारत. रबरी आहे, टेनिसचा आहे, सीझन बॉल आहे, का गोळाफेकीतला लोखंडी गोळा आहे?”

मला सांगता येईना. माझा चेंडू नुसताच चेंडू होता. ब्लेंडर नावाच्या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गोल घेतला, वरती एक की टाकली (की म्हणजे त्या क्षणी चेंडू कुठं असावा याची खूण), खाली एक टाकली, परत वरती एक, आणि तोच तुकडा पाच वेळा चिकटवला. मला तरी तो उसळतोय असं वाटत होतं. दादा म्हणाला, “हा उसळत नाहीये, लिफ्टनं खाली-वर करतोय. याला वजनच नाही.”

वजन नाही. हे दोन शब्द पुढं वर्षभर इतक्यांदा ऐकले की फोन वाजला तरी आधी तेच आठवायचं.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. पुण्यात एका स्टुडिओत कार्टून मालिकांवर काम करतो. मी सांगलीत, बी.कॉम. होऊन बसलेली. बाबा मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी. त्याआधी मी एका अॅनिमेशनच्या क्लासला सहा महिने जाऊन आले होते. फी पंचेचाळीस हजार, त्यातले वीस हजार आजीच्या पाटल्या गहाण ठेवून काढलेले. तिथं आम्हाला मेनू शिकवले. हे बटण दाबलं की हे होतं, ते दाबलं की ते होतं. मधेच सर बदलले, नवे सर आले आणि पहिल्यापासून परत मेनू. शेवटी प्रत्येकानं आपापल्या नावाचं एक चकचकीत अक्षर गोल फिरवलं आणि प्रमाणपत्र घेऊन घरी आलो. ब्लेंडर फुकट मिळतं, आणि तेही रीतसर, हेसुद्धा मला नंतर दादाकडून कळलं. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. असो.

दादानं व्हॉट्सअॅपवर पाच शब्द पाठवले: चेंडू, लोलक, शेपटी, पोतं, चाल. “चेंडू जमल्याशिवाय पोत्याला हात लावायचा नाही, पोतं जमल्याशिवाय माणसाला नाही.” मला वाटलं, महिन्याभरात उरकेल. चेंडूलाच अडीच महिने लागले.

सुरुवात कागदावर करायची होती. बाबांनी दुकानातली जुनी पावतीपुस्तकं आणून दिली. शंभर पानांचं पुस्तक, मागची बाजू कोरी. त्या कागदाचा एक गुण असा की तो इतका पातळ असतो की खालच्या पानावरचं चित्र वरच्या पानातून दिसतं. मी पहिल्या पानापासून काढायला बसले आणि वीसएक पानं झाल्यावर ध्यानात आलं की खालची पानं तर कोरीच आहेत, दिसणार काय? फ्लिपबुक, म्हणजे पानं भराभर उलटली की चित्र हलताना दिसतं ती वही, शेवटच्या पानापासून काढत वर यायचं असतं. ही गोष्ट दादानं मुद्दाम सांगितली नव्हती. “स्वतः चुकलीस की लक्षात राहतं,” म्हणे. पुढं मोठ्या कागदावर काढायला लागले तेव्हा २०१९ च्या पुरात फुगून गेलेल्या कपाटाची काच निघाली, ती दोन विटांवर ठेवली आणि खाली बॅटरी लावली. कागद हलू नयेत म्हणून फायलीचं पंचिंग मशीन आणि दोन खिळे. तेवढ्यात काम भागलं.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी पळतो. हातानं काढताना बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. या हिशेबानं शंभर पानांचं पावतीपुस्तक म्हणजे आठ सेकंद. आठ सेकंदांसाठी मी चार संध्याकाळी घालवल्या, आणि त्या आठ सेकंदांत एक चेंडू खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला. आजी म्हणाली, “एवढंच?”

संगणकावर परत आले तेव्हा लिफ्टचा उलगडा झाला. दोन कींच्या मधलं काम ब्लेंडर स्वतः करतो, आणि फार सभ्यपणे करतो. प्रत्येक की जवळ आली की हळू होतो, तिथनं निघतानाही हळूच निघतो. थांब्यावर थांबणाऱ्या एसटीसारखा. उसळीच्या टोकाला हे बरोबर आहे, तिथं चेंडू खरंच मंदावतो. पण जमिनीला तो भेटतो तेव्हा सगळ्यात जास्त वेगात असतो. माझा चेंडू जमिनीजवळ येऊन ब्रेक दाबत होता, जणू खाली कुणी गादी टाकली आहे. चेंडूची हालचाल आलेखात दाखवणारा ग्राफ एडिटर उघडला तर जमिनीच्या जागी वक्राचा मऊ गोल खड्डा दिसला. कीचे हँडल, म्हणजे वक्राला वळण देणाऱ्या दांड्या, तोडून त्या खड्ड्याचा टोकदार ‘व्ही’ केला. एवढंच केलं, आणि चेंडू पहिल्यांदा जमिनीवर आपटला. मी खुर्चीतच एकदा उडाले.

मग गच्ची. कठड्याच्या भिंतीवर खडूनं दर दहा सेंटिमीटरला रेघ मारली. धाकटा भाऊ वरून चेंडू सोडणार, मी मोबाइलवर चित्रीकरण करणार. चित्रीकरण फ्रेम-फ्रेमनं पुढं सरकवून मोजलं: एक मीटर पडायला साधारण चौदा फ्रेम. चौदा फ्रेम ब्लेंडरमध्ये टाकल्या आणि चेंडू चंद्रावर पडल्यासारखा पडला. खरं चित्रीकरण समोर आहे, तेवढ्याच फ्रेम टाकल्यात, मग चुकलं काय? दोन दिवस डोकं खाजवलं. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेत होता आणि माझी फाइल २४ ची होती. प्रत्येक गोष्ट पाव पटीनं लांबत होती. एक मीटर पडायला ०.४५ सेकंद लागतात, म्हणजे २४ च्या हिशेबानं अकरा फ्रेम. बारावीला भौतिकशास्त्र नसलेल्या मुलीनं हे सूत्र गच्चीवर शिकावं, याचं भावाला फार हसू आलं. तो सायन्सचा आहे.

टेनिसच्या नव्या चेंडूसाठी नियम आहे: २५४ सेंटिमीटरवरून टाकला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. म्हणजे दर उसळीला उंची निम्म्याहून थोडी जास्त उरते. हे धरून एक मीटरच्या उसळ्यांचा वेळ काढला: पडायला ११ फ्रेम, मग पहिली उसळी वर जाऊन खाली यायला १६, दुसरी १२, तिसरी ९, चौथी ७. हे पाच आकडे मी संगणकाच्या पडद्याच्या कडेला चिकटवले. टप्-टप्, टप्-टप् असं तोंडानं म्हणून बघितलं तरी लय कळते. हॉटेलात स्टीलचं ताट पडलं की शेवटी जसं घाईघाईत वाजत थांबतं, तशी.

आता मला सगळ्यात जास्त चकित केलेली गोष्ट. दुकानातल्या जुन्या तराजूचं एक किलोचं लोखंडी वजन बाबांनी आणलं होतं. आम्ही गच्चीवर पोतेरं टाकून तेही सोडलं. फ्रेम मोजल्या. चेंडूइतक्याच! परत सोडलं. परत तितक्याच. भाऊ म्हणाला, “गॅलिलिओ वाच.” पण मी पुस्तकातल्या ओळीकडं बघत नव्हते, माझ्या अडचणीकडं बघत होते. पडताना हलकं आणि जड सारखंच पडत असेल, तर दादा ज्याला वजन म्हणतो ते दिसतं कुठं? ते आपटल्यावर दिसतं. चेंडू परत उठतो. लोखंड एकदा ठण करतं, एका बाजूला कलंडतं आणि मेल्यासारखं पडून राहतं. वजन वाटेत नसतं, पोचल्यावर असतं.

दादाची परीक्षा अशी होती: तोच गोल, तोच करडा रंग, आवाज नाही, नुसत्या हालचालीवरून तीन वेगळे चेंडू ओळखू आले पाहिजेत. परीक्षक आई. आई मेथी निवडत बसली होती, तिच्यासमोर मोबाइल धरला. पहिला बघून म्हणाली, “लगोरीचा.” दुसरा, “फुगा आहे का?” तिसऱ्याला जरा थांबली. “नारळ पडला का कुठं?” तो लोखंडी गोळा होता. दादाला सांगितलं तर म्हणाला, “नारळ चालेल. पास.” त्याआधी मी दाबणं-ताणणं शिकून फुशारले होते. चेंडू जमिनीला लागला की चपटा करायचा, सुटला की लांबट करायचा, आणि चपटा केला तर तितकाच रुंदही करायचा, नाहीतर आतला माल गेला कुठं? पण मला ते इतकं आवडलं की मी गोळासुद्धा चपटा केला. “हा गोळा आहे का श्रीखंड?” असा एका ओळीचा निरोप आला होता.

लोलक आणि शेपटी यांबद्दल थोडक्यातच सांगते. एक मीटर दोरीला कुलूप बांधून दारात झुलवलं; जाऊन यायला दोन सेकंद, म्हणजे ४८ फ्रेम, कुलूप लहान असो की मोठं. शेपटीसाठी म्हैस शोधायची माझी तयारी होती, पण आईनं मला मागून मोबाइलवर घेतलं आणि माझी वेणीच कामाला आली. मान डावीकडून उजवीकडं वळवली की वेणीचं मूळ लगेच येतं, मधला भाग तीन-चार फ्रेम मागून येतो आणि टोकाचं रबर तर मूळ परत फिरलं तरी अजून डावीकडंच चाललेलं असतं. बावीस वर्षं ही वेणी माझ्या पाठीवर आहे आणि मला तिची चाल माहीत नव्हती.

मधे एक उपद्व्याप केला. दादाच्या यादीत नव्हता, माझाच. दादासाहेब फाळक्यांनी शंभर वर्षांपूर्वी आगकाड्या एकेक सरकवून, एकेक फ्रेम घेऊन त्या चालवल्या होत्या, असं वाचलं. त्याआधी त्यांनी कुंडीतल्या बीला अंकुर फुटतानाही असंच टिपलं होतं. म्हटलं, सांगलीत आगकाड्या कशाला, हळकुंडं आहेत की! स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पाट मांडला, मोबाइल डब्यांच्या उतरंडीत अडकवला आणि चाळीस हळकुंडांची वरात काढायला घेतली. सेकंदाला बारा फोटो. तीन तासांत सात सेकंद झाले. शेजारच्या काकू डोकावल्या, “एवढी हळद! कुणाचं ठरलं?” आईनं त्यांना काय सांगितलं देव जाणे. संध्याकाळी बघितलं तर हळकुंडं छान चालत होती, पण मागची भिंत दर दोन सेकंदांनी अंधारत-उजळत होती, कारण दिवसभर ढग. चौथ्या सेकंदाला सगळी वरात एकदम वीतभर डावीकडं उडी मारते, तिथं आईनं साखरेचा डबा काढला होता. फाळक्यांनी बीची वाढ कितीतरी दिवस धीरानं कशी टिपली असेल, याचा विचार करून मी हात जोडले आणि पाट धुऊन ठेवला.

उन्हाळ्यात आयर्विन पुलाकडं गेले होते. पोरं पुलावरून कृष्णेत उड्या मारतात, ते मोबाइलवर घेतलं. पडतानाचं अंतर समान वेळेच्या तुकड्यांत एक, तीन, पाच, सात या पटीनं वाढत जातं; पडण्याचा अर्धा वेळ गेला तरी अंतर पावच झालेलं असतं. म्हणूनच उडीच्या सुरुवातीला पोरगा हवेत क्षणभर टांगल्यासारखा दिसतो. मी एकेक फ्रेम कागदावर उतरवली, टिंबं जोडली आणि एक सुरेख कमान मिळाली. तिथं उभ्या काकांनी विचारलं, “पोलिसांत देणार काय व्हिडिओ?” पोरंही मग जरा लांब सरकली.

आणि मग पोतं.

जगभर अॅनिमेशन शिकणारे पिठाचं अर्धं भरलेलं पोतं हलवायला शिकतात. त्याला डोळे नाहीत, तोंड नाही, चार कोपरे आणि पोट एवढंच. त्यानं वाकायचं, उडी मारायची, रुसायचं, आणि बघणाऱ्याला ते कळायचं. मी इंटरनेटवर बघून एक पोतं केलं. चारही कोपऱ्यांवर नाचवलं. मला गोड वाटलं. दादा म्हणाला, “उशी आहे. तुझ्या बापाचं सगळं आयुष्य पोत्यांत गेलं आणि तू इंटरनेटवरचं पोतं बघतेस?”

दुसऱ्या दिवशी बाबांच्या मागं बसून मार्केट यार्डात गेले. मार्च होता, हळदीचे सौदे जोरात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा फलक कुठं दिसतो का बघत होते, पण दिसते ती नुसती हळद. जमिनीवर, हमालांच्या भुवयांवर, चहाच्या कपाच्या काठावर. मी दुकानाच्या ओट्यावर वही घेऊन बसले. पहिले दोन तास सगळे चोरून माझ्याकडं बघत होते. मग बाबांनी सांगून टाकलं, “पोरगी चित्रं काढती,” आणि लोकांनी बघायचं सोडलं.

एक हमाल होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. साठीला आलेले, बारीक, पाठीवर गोणपाटाचा तुकडा, डोक्याला टॉवेल. थप्पीतून पोतं काढून ट्रकवर न्यायचं काम. मी त्यांच्या मागं लागले. एका पोत्याला मी वहीचं एक पान द्यायचे, आणि तासाभरात कळलं की मी हात काढतेय. हात, हूक, मुठी. तात्यांनी जाता-जाता वहीत डोकावलं.

“काय काढलीस?”

“तुम्ही पोतं उचलताय ते.”

“हातानं उचलायलोय व्हय मी?” ते हसले. “हातानं नुसतं धरायचं असतं, पोरी. उचलतंय ते कंबर आन् गुडघं. हातानं उचलाय गेलो असतो तर पंचविशीतच घरी बसलो असतो.”

मग पुढचं पोतं त्यांनी माझ्यासाठी जरा सावकाश घेतलं. किती सावकाश, तर मी मोबाइलवर घेऊ शकेन इतकंच. पन्नास-साठ किलोचं ओझं फार वेळ कुणाला दाखवत बसता येत नाही. ते चित्रीकरण मी रात्री इतक्यांदा मागं-पुढं केलं की अजून डोळे मिटले तरी दिसतं. ते थप्पीकडं पाठ करतात. दोन्ही पायांत एक वीत अंतर वाढवतात, हे आधी मला दिसलंच नव्हतं. खांद्यावरनं मागं हात नेऊन पोत्याचे दोन कान हुकानं धरतात. मग एक क्षण काहीच होत नाही. मग आधी गुडघे खाली जातात, पोतं अजून थप्पीवरच. मग कंबर पुढं वाकते आणि पोतं थप्पी सोडून पाठीवर येतं. आणि आता गंमत: पोतं पाठीला लागलं म्हणजे आलं, असं नाही. आधी बारदान येतं, मागून आतली हळद येते. हळकुंडं खळकन खाली सरकतात, पोत्याचं पोट कमरेपाशी लोंबतं आणि त्या दुसऱ्या धक्क्यानं तात्यांचे गुडघे आणखी एकदा किंचित दबतात. चार-पाच फ्रेमचा खेळ आहे. तो माझ्या उशीत नव्हता. वेणीचं टोक, लोखंडाचं कलंडणं आणि हे, सगळं एकच प्रकरण आहे, हे त्या रात्री दीडच्या सुमाराला कळलं. आईला उठवून सांगावंसं वाटलं, पण नाही उठवलं.

त्या ‘काहीच होत नाही’ वाल्या क्षणाचा मला पत्ता लागत नव्हता. कान धरल्यावर, हलायच्या आधी, तात्या आठ-नऊ फ्रेम गोठल्यासारखे दिसत. मी ते काढून टाकलं, वेळ वाचेल म्हणून. काढलं की सगळं हलकं होई. परत घातलं की जड. दुसऱ्या दिवशी विचारलं.

“श्वास,” तात्या म्हणाले. “आधी छाती भरून घ्यायचा आन् कोंडायचा. पोतं पाठीवर बसलं की मग सोडायचा. मधी बोललीस तर संपलीस.”

क्लासमध्ये ‘पूर्वतयारी’ हा शब्द होता. उडी मारण्याआधी वाकणं, फेकण्याआधी हात मागं नेणं. डिस्नेच्या दोन जुन्या अॅनिमेटरांनी १९८१ मध्ये जी बारा तत्त्वं पुस्तकात मांडली, त्यातलं हे एक. परीक्षेला पाठ करून गेले होते. त्यात श्वास असतो हे मला हळदीच्या थप्पीपाशी कळलं.

माणसाचा सांगाडा बसवताना पुन्हा हात-पाय गळाले. ब्लेंडरमध्ये हाडं एकमेकांना बांधायची असतात: खांदा हलला की दंड हलला पाहिजे, दंड हलला की मनगट. एकदा मी उलटं बांधलं, आणि मनगट हलवलं की अख्खा माणूस मनगटाभोवती फिरायचा. भाऊ म्हणाला, विष्णुदास भाव्यांच्या गावातली असून तुला बाहुली बांधता येत नाही. १८४३ मध्ये मराठीतलं पहिलं नाटक इथं झालं हे सांगलीत शेंबड्या पोराला माहीत असतं, पण भाव्यांनी सांधे हलणाऱ्या लाकडी बाहुल्याही केल्या होत्या हे मला त्या दिवशी शोधताना कळलं. त्यांना तर माझ्यासारखं मागचं पाऊल परत घ्यायचं बटणही नव्हतं.

चाल सगळ्यात शेवटी. चालण्याच्या एका पावलात चार मुख्य चित्रं: टाच टेकते, शरीर दबतं, दुसरा पाय जवळून जातो, शरीर उंचावतं. साधारण माणूस पावलाला बारा फ्रेम घेतो, अर्धा सेकंद. मी घराच्या बोळात इकडून तिकडं चालत राहिले, कंबर खाली-वर किती होते ते भिंतीवर पेन्सिलीनं बघत. आजी म्हणाली, “पायाला काय झालंय हिच्या?” रिकामे तात्या आणि ओझ्याचे तात्या शेजारी-शेजारी लावून बघितले. रिकामे असताना पावलाला बारा-तेरा फ्रेम, अंग सैल, डोकं लाटेसारखं वर-खाली. पोतं पाठीवर आलं की पाऊल आखूड आणि पट्कन, नऊ-दहा फ्रेमचं. मला वाटलं होतं जड माणूस हळू चालतो. तो हळू चालूच शकत नाही, त्याला पोचायचं असतं. आणि डोकं जवळजवळ एका रेघेत जातं. शरीर वर उचलणं परवडत नाही, प्रत्येक बोटभर उंचीला साठ किलो लागतात. गुडघे कधी पुरते सरळ होतच नाहीत.

हे सगळं पडद्यावर आणायला सात आठवडे लागले. मधे एकदा लाईट गेली आणि दुपारभराचं काम गेल्यासारखं वाटलं. ब्लेंडर दर दोन मिनिटांनी आपली आपण प्रत ठेवतो, ती सापडेपर्यंत मी जेवले नाही. शेवटी चार सेकंदांचा एक तुकडा झाला: थप्पी, श्वास, पोतं, दुसरा धक्का. आणि त्याला जोडून वीस फ्रेमची चाल, दोन पावलांची, कितीही वेळ फिरवत ठेवता येईल अशी. चेहरा नाही, कपडे नाहीत, करडा माणूस आणि करडं पोतं. दादाला पाठवलं. दोन तास निळ्या टिका नुसत्या. मग फोन आला. “कोपर बघ, बाविसाव्या फ्रेमला झटका आहे.” आणखी काही बोलला नाही. वजनाबद्दल काहीच बोलला नाही. मी फोन ठेवून दोन मिनिटं नुसती बसले.

शनिवारी यार्डात गेले. जेवणाची सुट्टी होती, तात्या आणि दोघं-तिघं ट्रकच्या सावलीत भाकरी सोडून बसले होते. मोबाइल त्यांच्यासमोर धरला. तात्यांनी डोळे बारीक केले, पिवळं बोट पडद्याजवळ नेलं, पण लावलं नाही.

“श्वास घेतला बघ,” ते शेजारच्याला म्हणाले. “दिसला काय? घेतला त्यानं.”

शेजारचे म्हणाले, “तुझ्यासारखाच वाकलाय की रं.”

करडा माणूस पोतं घेऊन चालू लागला. आखूड, पट्पट् पावलं. वीस फ्रेम संपल्या की परत पहिल्यापासून, त्यामुळं तो चालतच राहिला. तात्या भाकरीचा घास हातात धरून बघत होते. एक मिनिट झालं असेल. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“आगं, ह्याला कुठंतरी ठिवू दे की पोतं. किती येळ चालवायलाईस?”

मी मोबाइल बंद केला. रात्री नवी फाइल उघडली. पोतं खाली ठेवतानाचं चित्रीकरण माझ्याकडं नव्हतंच, वर्षभरात ते घ्यायचं मला सुचलंच नव्हतं. सोमवारी परत यार्डात जायचं ठरवलं, ट्रकच्या फाळक्यापाशी उभं राहायचं.